परदेशातील शर्यती आणि तरुण स्कीपटू

प्रश्न : अमेरिकेत मिनेसोटा येथे राहणारा माझा सतरा वर्षांचा नातू शाळेच्या संघातून क्रॉस-कंट्री स्कीइंग (बर्फातील चढउताराच्या वाटेवर स्कीवरून लांब अंतर कापण्याचा खेळ) करतो. त्याला शर्यतींसाठी फिनलंडला नेणार आहेत. तेथे तो फार मागे पडून खचेल, अशी त्याच्या आईला धास्ती वाटते. पाठवावे काय? — एक आजी, पुणे

उत्तर : अवश्य पाठवावे. तो मागे पडेल हे खरे, कारण नॉर्डिक देशांत (नॉर्वे, स्वीडन, फिनलंड वगैरे) मुले लहानपणापासून स्कीवर वाढतात आणि तेथे काही सेकंदांच्या फरकाने कितीतरी क्रमांक घसरतात. परंतु इतक्या चुरशीत धावण्याचा सराव घरच्या शर्यतींत मिळत नाही. बर्फाचीही ओळख व्हावी लागते. तापमान शून्य अंशाच्या आसपास असताना ताजा बर्फ पडला, तर क्लासिक शैलीत (दोन्ही स्की समांतर ठेवून पुढे सरकण्याच्या पद्धतीत) स्कीच्या मधल्या भागाला पकडीसाठी लावलेले मेण एक तर पकड धरत नाही, नाहीतर त्यावर बर्फ चिकटून स्की अडखळते. अशा सकाळी अनुभवी मंडळी निर्णय कसा घेतात, हे शेजारी उभे राहून पाहण्यासारखे आहे.

आणि अमेरिकेची मुले तेथे नेहमी मागेच राहतात असेही नाही. २०१९ मध्ये फिनलंडमधील लाहती येथे अमेरिकेच्या मुलांनी ज्युनियर जागतिक स्पर्धेतील रिले जिंकली. त्या संघातील गस शूमाकर याने २०२४ मध्ये मिनिआपोलिस येथे विश्वचषकाची १० किलोमीटरची शर्यत जिंकली.

लांबच्या विमानप्रवासानंतर लगेच शर्यत ठेवलेली नाही ना, एवढे मात्र आईने प्रशिक्षकांना आधी विचारून घ्यावे.