नववीतल्या लेकीला फोन द्यायचा का, आणि तिच्या पप्पांना सांगायचं का?

नमस्कार ताई,

तुमचं कऱ्हाडहून आलेलं पत्र मिळालं. लेक नववीत, १४ वर्षांची. क्लास सुटेपर्यंत रात्रीचे आठ वाजतात, बॅचची वेळ बदलली की सर ग्रुपवर टाकतात आणि तो ग्रुप असतो तुमच्या फोनवर, तुम्ही ड्युटीवर. मिस्टर म्हणतात दहावी होईपर्यंत फोनचं नाव काढायचं नाही. त्यात आता तुम्हाला कळलंय की पोरीनं मैत्रिणीच्या फोनवर इन्स्टाचं अकाउंट काढलंय, जन्मसाल २००५ टाकून, आणि पप्पांना सांगू नको म्हणून रडली.

फोन द्या, असंच माझं मत आहे. पण त्याआधी ते २००५ चं बघा, कारण तुम्ही ते एका ओळीत लिहून पुढे गेलात आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली. इन्स्टावर अकाउंट काढायला १३ वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे तिला खोटं बोलायची गरजच नव्हती! खरं वय टाकलं असतं तर १८ च्या आतल्या मुलांचं टीन अकाउंट मिळालं असतं, आपल्याकडे २०२५ पासून ते सुरू झालंय, त्यात अकाउंट आपोआप प्रायव्हेट राहतं, ओळखपाळख नसलेला कुणीही मेसेज टाकू शकत नाही, रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन बंद असतात आणि १६ च्या आतल्या मुलांना यातलं काही सैल करायचं असेल तर आईवडिलांची परवानगी लागते. आता इन्स्टाच्या लेखी ती मोठी बाई आहे, यातलं काहीच तिला लागू नाही. ते अकाउंट तिच्यासोबत बसून बंद करा, हवंच असेल तर खऱ्या जन्मतारखेनं नवीन काढू दे, तुमच्यासमोर.

सहावी-सातवीच्या मुलांच्या आयांना मी साधा बटणांचा फोन सुचवते, पण तुमच्या लेकीची अडचण ग्रुपची आहे, तिथं तो उपयोगाचा नाही. तुमचा जुना स्मार्टफोन द्या. सिम तुमच्या नावावर, तसंही १८ च्या आत ते स्वतःच्या नावावर मिळत नाही. गुगलचं फॅमिली लिंक टाका, म्हणजे नवीन ॲप घ्यायला तुमची परवानगी लागेल आणि रात्री फोन ठरलेल्या वेळी लॉक होईल. हे तिला सांगून करा हां, चोरून नको. आणि रात्री सगळ्यांचे फोन हॉलमध्ये चार्जिंगला, सगळ्यांचे म्हणजे तिच्या पप्पांचासुद्धा.

तुमच्या शेजारच्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावचं ऐकलं असेल, तिथं २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही, मोबाईल बंद. त्याच वर्षी यवतमाळच्या बान्सी गावानं १८ खालच्या मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला होता. मला वडगावचं जास्त पटतं कारण तिथं मोठी माणसंपण फोन खाली ठेवतात. नुसत्या बंदीनं काय होतं ते तुमच्याच घरात दिसलंय की, फोन नव्हता तरी अकाउंट निघालंच, फक्त तुम्हाला न दिसणाऱ्या फोनवर.

आता एक गोष्ट तिला स्पष्ट शब्दांत सांगा: काहीही झालं आणि तू येऊन आम्हाला सांगितलंस, तर सांगितलंस म्हणून फोन काढून घेणार नाही. पोरी गप्प बसतात त्या फोन जाईल या भीतीनं, कुणीतरी फोटो मागतो, मग धमकी देतो आणि पोर एकटीच सहन करत राहते कारण घरी कळलं की आधी तिलाच बोलणी बसणार. तसं कधी झालंच तर चॅट डिलीट करायचं नाही, स्क्रीनशॉट घ्यायचे, पैसे द्यायचे नाहीत, १९३० हा सायबरचा नंबर आणि १०९८ ही मुलांची हेल्पलाईन, दोन्ही तिच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या.

पप्पांचं म्हणाल तर लपवू नका, पण तिच्या माघारी जाऊनही सांगू नका. रविवारपर्यंत वेळ द्या, तिनं स्वतः सांगायचं, तुम्ही शेजारी बसायचं. मिस्टरांशी आधी एवढंच बोलून ठेवा की ती काहीतरी सांगणार आहे, पूर्ण ऐकून घ्या, मधे ओरडू नका. त्यांची भीती चुकीची नाहीये, तेही तिला ऐकू दे. मग सिमचं, वेळेचं जे काय ठरेल ते तिघांनी मिळून ठरवा. दहावीच्या वर्षात वेळ कमी करायची का हेही आत्ताच बोलून घ्या म्हणजे पुढच्या जूनमध्ये परत भांडण नको.

आणि जुना फोन तिच्या हातात देण्याआधी तुमचं यूपीआय, बँकेची ॲप काढा, फोटो दुसरीकडे घ्या आणि फॅक्टरी रिसेट मारा. तुमचं जीमेल त्यात ठेवू नका, तिचं वेगळं काढा, खऱ्या जन्मतारखेनं.