'कोड पाठवला आहे' म्हणतात, पण येत नाही: आधी तो निघाला का ते बघा

तुमची अडचण मला समजली ती अशी. जुन्या खात्यात शिरायचंय, पडद्यावर 'ईमेलवर सहा आकडी कोड पाठवला आहे' असं येतं, स्पॅम बघून झालं, 'पुन्हा पाठवा' अनेकदा दाबून झालं, आणि आता साइट म्हणते की प्रयत्न फार झाले, नंतर या. बाकीचे मेल मात्र सुरळीत येतायत.

पहिलं काम म्हणजे ते बटण सोडा. बहुतेक ठिकाणी नवा कोड मागितला की आधीचा रद्द होतो. समजा पहिला कोड उशिरा का होईना येऊन पोचला, तर तोवर तो बाद झालेला असतो. तुम्ही तो टाकता, साइट 'चुकीचा कोड' म्हणते आणि गोंधळ वाढतो. शिवाय काही साइटींवर बंदीच्या काळात पुन्हा दाबलं की बंदी नव्याने मोजायला लागतात. तेव्हा बंदी पूर्ण उठू द्या, मग एकदाच मागा, आणि मागितल्याची वेळ लिहून ठेवा. ती वेळ पुढे लागणार आहे.

'कॅशे साफ करा, ब्राउझर बदला' हा सल्ला तुम्हाला मिळाला असेलच. बटण दाबल्यावर पडद्यावर काहीच हालचाल होत नसेल, तर जाहिराती रोखणारं एक्स्टेन्शन बंद करून बघायला हरकत नाही. पण 'पाठवला' असं आलं म्हणजे ब्राउझरचं काम तिथेच संपलं. मेल आणण्याशी त्याचा संबंध नाही.

आता मुद्द्याचं. लोक शोध इनबॉक्सपासून सुरू करतात. मी उलटीकडून करतो. कोड निघाला तरी होता का?

पडद्यावरचं वाक्य नीट वाचा. पुष्कळ साइटी 'या पत्त्यावर खातं असल्यास कोड पाठवला आहे' असं लिहितात, आणि त्यातलं 'असल्यास' घाईत सुटतं. हे मुद्दाम केलेलं असतं. कुठल्या पत्त्यावर खातं आहे आणि कुठल्यावर नाही, हे बाहेरच्या माणसाला चाचपून कळू नये म्हणून दोन्ही वेळा उत्तर एकच द्यावं, अशी ओवास्प या सुरक्षा संस्थेचीही शिफारस आहे. परिणाम असा की तुम्ही चुकीचा पत्ता टाकलात तरी साइट हसतमुखाने 'पाठवला' म्हणते, आणि पाठवत काहीच नाही. 'प्रयत्न फार झाले' हा निरोपसुद्धा खातं असल्याचा पुरावा नाही. तो नसलेल्या खात्यालाही मिळू शकतो.

म्हणून जुन्या मेलमध्ये त्या कंपनीचं नाव शोधा. स्वागताचा मेल, पावती, काहीही चालेल. तो उघडून 'प्रति'समोर नेमका कुठला पत्ता आहे ते अक्षर न् अक्षर बघा. इथे जीमेलवाल्यांची एक गंमत होते. जीमेल पत्त्यातले टिंब मोजत नाही. नाव आणि आडनाव यांच्यात टिंब दिलं काय, न दिलं काय, पेटी एकच. पण समोरच्या साइटीला ते बहुधा दोन वेगळे पत्ते वाटतात. खातं टिंबासकट उघडलेलं असेल आणि आज तुम्ही टिंबाशिवाय पत्ता टाकत असाल, तर तिच्या लेखी तुम्ही कोणीच नाही. अधिकचं चिन्ह (+) आणि पुढे एखादा शब्द लावून बनवलेल्या पत्त्यांचंही तेच.

खातं 'गूगलने साइन इन' किंवा 'ॲपलने साइन इन' करून उघडलं होतं का, हेही आठवा. तसं असेल तर काही साइटी कोडच्या वाटेने आत घेतच नाहीत, तेच बटण वापरावं लागतं. ॲपलच्या बाबतीत 'हाइड माय ईमेल' निवडलं असेल, तर साइटीकडे तुमचा खरा पत्ता नसतोच. तिच्याकडे ॲपलने बनवून दिलेला आडपत्ता असतो, आणि तो आयफोनच्या सेटिंगमध्ये बघायला मिळतो.

पत्ता बरोबर निघाला, तर माझा पुढचा संशय अशा गोष्टीवर असतो जिचं नावही बहुतेकांनी ऐकलेलं नसतं: सप्रेशन लिस्ट, म्हणजे 'इथे मेल पाठवायचा नाही' अशा पत्त्यांची यादी. बहुतेक साइटी स्वतः मेल पाठवत नाहीत. ते काम ॲमेझॉन एसईएस, सेंडग्रिड अशा सेवांकडे असतं. एखाद्या पत्त्यावरून मेल 'असा पत्ता नाही' अशा कायमच्या नकारासह परत आला, की ही सेवा तो पत्ता आपल्या यादीत टाकते. त्यानंतर साइट कोड पाठवायला सांगते, सेवा हो म्हणते, आणि यादी बघून मेल तिथेच टाकून देते. म्हणजे पडद्यावरचं 'पाठवला' साइटीच्या दृष्टीने खरंच असतं. परत आलेला तो मेल कधीकाळचा असू शकतो: तुमच्या डोमेनचं नूतनीकरण मध्यंतरी राहिलं होतं, मेल सर्व्हर हलवताना तो काही काळ सगळ्यांनाच नकार देत होता, असं काहीही.

यादीत जायची दुसरी वाट आपणच उघडतो. त्या कंपनीच्या जाहिरातींना कंटाळून कधी 'स्पॅम' दाबलंय का? याहू आणि आउटलुकसारख्या मेलसेवा अशी तक्रार पाठवणाऱ्याकडे पोचवायची सोय देतात, आणि मग पत्ता यादीत जातो. जाहिराती बंद होतात, त्यांच्याबरोबर कोडही बंद. एरवी येणारी त्या कंपनीची पत्रकं एका टप्प्यानंतर अजिबात थांबली असतील, आणि तुम्ही ती स्वतः बंद केली नसतील, तर ही मोठी खूण समजा.

याची सोपी परीक्षा आहे. दुसऱ्या मेलसेवेवरच्या पत्त्याने त्याच साइटीवर एक चाचणीचं खातं उघडून बघा. तिथे कोड लगेच आला तर त्यांची यंत्रणा ठीक आहे, अडथळा तुमच्या पत्त्यापुरता किंवा तुमच्या मेलसेवेपुरता आहे. यादीतून नाव काढणं तुमच्या हातात नाही, ते पाठवणाऱ्यालाच करावं लागतं. 'त्यांचा पत्ता कॉन्टॅक्टमध्ये जोडा' हा उपाय इथे कुचकामी आहे. निघालेलाच नाही असा मेल कॉन्टॅक्ट बघून येणार नाही.

मेल निघाला पण दारातून परत गेला, असंही होतं. फेब्रुवारी २०२४पासून जीमेल आणि याहू पाठवणाऱ्यांच्या ओळखीबाबत कडक झाले. जीमेलला दिवसाला ५,००० किंवा अधिक मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क (मेल खरंच त्या पाठवणाऱ्याचा आहे हे पटवणाऱ्या डोमेनच्या नोंदी) ही तिन्ही लागतात, लहानांनाही पहिल्या दोनपैकी एक हवंच. साइटीने मेल पाठवणारी सेवा बदलली आणि या नोंदी करायच्या राहिल्या, की मेल दारातच नाकारला जाऊ शकतो. नाकारलेला मेल स्पॅममध्येही दिसत नाही, म्हणून 'स्पॅम बघितलं' हे उत्तर पुरत नाही. अशा वेळी त्या मेलसेवेवरचे सगळेच ग्राहक एकदम ओरडायला लागतात.

तुमचा पत्ता स्वतःच्या डोमेनचा, ऑफिसचा किंवा कॉलेजचा असेल तर ग्रेलिस्टिंग ध्यानात घ्या. ही २००३ची युक्ती आहे. अनोळखी पाठवणारा आला की सर्व्हर त्याला '४५१' सारखा तात्पुरता नकार देतो. स्पॅमवाला सहसा परत येत नाही, खरा पाठवणारा येतो. पण मेलच्या नियमावलीनुसार पुन्हा प्रयत्न साधारण निदान ३० मिनिटांनी करायचा आणि ४-५ दिवस करत राहायचं. पुष्कळ पाठवणारे लवकर येतात, तरी दहा मिनिटंच चालणारा कोड बाद व्हायला तेवढा उशीरही पुरतो. यावर तोड आहे: पहिला कोड येईपर्यंत शांत बसा, तो शिळा झालेला असला तरी येऊ द्या. एकदा तो आत आला की सर्व्हर त्या पाठवणाऱ्याला काही काळ ओळखतो. मग लगेच नवा मागा, तो बहुधा थेट येतो. पाठवणारा दर खेपेला वेगळ्या सर्व्हरवरून येत असेल तर मात्र हे जमत नाही.

ऑफिसच्या मेलमध्ये आणखी एक पेटी असते, संशयित मेल अडवून ठेवणारी क्वारंटाइनची, आणि ती पुष्कळदा फक्त ॲडमिनला दिसते. मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर त्याला 'मेसेज ट्रेस' करायला सांगा; मेल आला का आणि त्याचं काय झालं ते तिथे कळतं. कोडऐवजी लिंक येत असेल आणि ती दर वेळी 'आधीच वापरली' म्हणत असेल, तर तुमच्याआधी तपासणी करणाऱ्या सॉफ्टवेअरने ती उघडून पाहिलेली असण्याची शक्यता मोठी.

आता इनबॉक्स. फोनचं ॲप बाजूला ठेवून ब्राउझरमधून बघा, कारण बॅटरी वाचवण्याच्या नादात फोन सिंक लांबवतो. जीमेलच्या प्रगत शोधात 'मेल अँड स्पॅम अँड ट्रॅश' निवडून कंपनीचं नाव टाका. फिल्टर, ब्लॉक केलेले पत्ते आणि फॉरवर्डिंग यांवर नजर टाका. आणि हे खास बघा: एकाच विषयाचे मेल जीमेल एका साखळीत गोळा करतं. आजचा कोड जुन्या कोडच्या साखळीत घडी होऊन बसलेला असू शकतो, आणि तुम्ही वरचा जुनाच वाचत असता. जागा संपली असती तर इतर मेलही थांबले असते, म्हणून तुमच्या बाबतीत ते सोडून देतो.

एखादा कोड उशिरा आलाच, तर तो पुसू नका. जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल' उघडलं की किती सेकंदांनी पोचला ते वरच दिसतं. खाली 'रिसीव्ह्ड'च्या ओळी असतात, त्या खालून वर वाचायच्या. ज्या दोन ओळींच्या वेळांत मोठी फट आहे, तिथे मेल अडकला होता.

एवढं झालं की साइटीच्या मदत विभागाला लिहा. 'कोड येत नाही' एवढंच लिहिलंत तर स्पॅम बघा असं छापील उत्तर मिळेल. असं लिहा: अमुक तारखेला, अमुक वेळी (यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत) या पत्त्यासाठी कोड मागितला, तुमच्यासाठी मेल पाठवणाऱ्या सेवेच्या नोंदीत त्याची स्थिती काय दिसते, समोरच्या सर्व्हरचं एसएमटीपी उत्तर (मेल घेतला की नाकारला हे सांगणारा आकडा आणि मजकूर) काय आलं, आणि हा पत्ता सप्रेशन लिस्टमध्ये आहे का? नोंदीत '२५०' असेल तर मेल तुमच्या बाजूच्या सर्व्हरने स्वीकारलाय, पुढचा शोध तुमच्याकडे. '५५०' असेल तर मेल नाकारला गेलाय; त्यापुढचा मजकूर मागून घ्या, नकाराचं कारण त्यात लिहिलेलं असतं. 'ड्रॉप्ड' किंवा 'सप्रेस्ड' दिसलं तर पत्ता यादीतून काढून टाका म्हणावं.

मदत क्रमांक शोध इंजिनात शोधू नका, साइटीच्या आतूनच जा. खातं अडकलेल्या माणसाच्या वाटेवर खोटे मदत क्रमांक लावून बसलेले ठग असतात. कोड विचारणारा कोणीही असो, त्याला तो सांगायचा नाही.

आत शिरलात की लगेच ऑथेंटिकेटर ॲप जोडा आणि बॅकअप कोड कागदावर उतरवा. ते ॲप एक गुप्त किल्ली आणि घड्याळ यांवरून फोनमध्येच कोड तयार करतं, त्याला ना मेल लागतो ना नेटवर्क. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१७च्या मार्गदर्शिकेत लॉगिनच्या दुसऱ्या टप्प्यासाठी ईमेलवरचे कोड नकोत असंच म्हटलंय. तरी साइटी वापरतात, कारण ईमेल सगळ्यांकडे असतो.

तुमची मेलसेवा कोणती, त्या कंपनीचे बाकीचे मेल शेवटचे कधी आले, आणि चाचणीच्या खात्यावर कोड आला का, हे तीन कळवलंत तर यातलं नेमकं कुठलं ते सांगता येईल. पूर्ण ईमेल पत्ता किंवा 'शो ओरिजिनल'चा सगळा मजकूर मात्र उघड्यावर टाकू नका.