मेडिकेअरचा प्लॅन बदलायचा की आहे तोच ठेवायचा?

प्रश्न: ताई, आम्ही एडिसनला (न्यू जर्सी) राहतो, मी ७२, बायको ६९. दोघांचा मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज प्लॅन (अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या सरकारी विम्याचा खाजगी कंपनीकडून मिळणारा प्रकार), प्रीमियम शून्य. कंपनीकडून २०२६ च्या बदलांचं जाड पाकीट आलंय, वाचायला घेतलं आणि तिसऱ्या पानावर डोळा लागला. मंडळातले एक ओळखीचे एजंट म्हणतात दुसऱ्या कंपनीचा घ्या, दात फुकट, जिम फुकट. मुलगा म्हणतो अ‍ॅडव्हान्टेज सोडाच, ओरिजिनल मेडिकेअर (थेट सरकारचा) आणि वर मेडिगॅप (मेडिकेअर देत नाही तो खर्च भरणारा खाजगी पूरक विमा) घ्या. बायकोला एलिक्विस (रक्त पातळ ठेवायचं औषध) चालू आहे, मला डायबेटिस. डिसेंबर ते मार्च आम्ही पुण्यात असतो. काय करावं?

उत्तर: काका, ते पाकीट रद्दीत गेलं नसेल तर आधी बाहेर काढा. त्यात ‘अ‍ॅन्युअल नोटिस ऑफ चेंज’ आहे, त्यात एक तक्ता असतो, एका बाजूला हे वर्ष, दुसऱ्या बाजूला पुढचं. बाकी पानं राहू द्या, तेवढा तक्ता वाचा. हॉस्पिटलात अ‍ॅडमिट झालात तर रोजचे किती, स्पेशालिस्टचा कोपे (दर वेळी आपण भरायची ठरावीक रक्कम) किती, आणि वर्षभरात जास्तीत जास्त खिशातून किती जाऊ शकतात. प्रीमियम शून्य म्हणून लोक खूश असतात, पण पार्ट बी चे (मेडिकेअरच्या डॉक्टरखर्चाच्या भागाचे) पैसे सोशल सिक्युरिटीतून म्हणजे सरकारी पेन्शनमधून कापले जातातच आणि खरी गंमत या तीन आकड्यांत असते. जिमचं काय एवढं, एडिसनमध्ये चालायला रस्ते आहेत की.

मग औषधं. एलिक्विसची मेडिकेअरने ठरवलेली नवी किंमत १ जानेवारी २०२६ पासून लागू, महिन्याचे ५२१ डॉलर होते ते २३१. पण तुमच्या प्लॅनमध्ये ठरावीक कोपे असेल तर काउंटरवर फरक दिसेलच असं नाही, म्हणून ते कुठल्या टिअरमध्ये (प्लॅनच्या औषधांच्या किंमत-गटात) आहे ते बघा. इन्सुलिन घेत असाल तर प्लॅनच्या यादीतल्या प्रत्येक इन्सुलिनला महिन्याला ३५ डॉलरच्या वर जात नाही. पार्ट डी च्या (मेडिकेअरच्या औषधांच्या विम्याच्या) औषधांवर २०२५ मध्ये खिशातून वर्षाला २००० डॉलरची मर्यादा होती, २०२६ साठी २१००, पण ती फक्त प्लॅनच्या यादीतल्या औषधांना, यादीबाहेरचं मोजत नाहीत. मेडिकेअर डॉट गव्हवर सगळी औषधं डोससकट टाका, प्लॅनप्रमाणे वर्षाचा खर्च समोर येतो.

डॉक्टरांच्या ऑफिसला फोन करताना नुसतं कंपनीचं नाव सांगू नका. एकाच कंपनीचे एचएमओ (सहसा ठरलेल्या डॉक्टरांकडेच जायचं), पीपीओ (बाहेरचेही चालतात, पण पैसे जास्त) असे अनेक प्लॅन असतात, कार्डावरचं पूर्ण नाव वाचून दाखवा आणि २०२६ मध्ये हा प्लॅन घेणार का ते विचारा.

आता मुलाचं म्हणणं. चुकीचं नाही, पण उशिराचं आहे. पासष्टीनंतर पार्ट बी सुरू झाल्यावर पहिले सहा महिने मेडिगॅपवाले तब्येतीवरून नाही म्हणू शकत नाहीत. त्यानंतर न्यू जर्सीत कंपनी सहसा प्रश्नावली देते, आणि डायबेटिस बघून नकार देऊ शकते किंवा जास्त पैसे मागू शकते. म्हणून मेडिगॅपचं मंजुरीपत्र हातात आल्याशिवाय अ‍ॅडव्हान्टेज सोडू नका आणि घाईत वेगळा पार्ट डी पण घेऊ नका, कारण तो घेतला की तुमचा अ‍ॅडव्हान्टेज आपोआप बंद होऊ शकतो, मग ना इकडचे ना तिकडचे.

पुण्याचं म्हणाल तर ओरिजिनल मेडिकेअर भारतात जवळजवळ काहीच देत नाही. मेडिगॅपचा जी किंवा एन नावाचा प्लॅन असेल तर ट्रिपच्या पहिल्या ६० दिवसांतली इमर्जन्सी ८० टक्के मिळते, आधी २५० डॉलर तुमचे, आणि आयुष्यभरात एकूण ५०,००० पर्यंत. काही अ‍ॅडव्हान्टेज प्लॅन परदेशातली इमर्जन्सी देतात, तुमचा देतो का ते विचारा. तीन-चार महिन्यांसाठी वेगळा ट्रॅव्हल इन्शुरन्स घ्या असंच मी सांगीन, पण डायबेटिस आधीपासून आहे हे फॉर्मवर लिहा.

एजंट काका भले माणूस असतील पण त्यांना कमिशन असतं, आणि सगळ्या कंपन्या त्यांच्याकडे नसतात. न्यू जर्सीत शिप नावाची सरकारी सल्लासेवा फुकट आहे, मेडिकेअरच्या फोनवर विचारलंत की तुमच्या काउंटीचा नंबर देतात, अपॉइंटमेंट मात्र लवकर घ्या. प्लॅन बदलायची मुदत ७ डिसेंबर. दुसरा अ‍ॅडव्हान्टेज घेतलात तर जुना वेगळा रद्द करावा लागत नाही. १ जानेवारी ते ३१ मार्चमध्ये एकदा अ‍ॅडव्हान्टेज बदलता येतो, पण तेव्हा तुम्ही पुण्यात असणार आणि रात्री जागून कस्टमर केअरच्या होल्डवर बसणार, तर हे आत्ताच उरका.