पहिल्याच तासाला तीस कलमं नकोत

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या शाळेत मानवी हक्कांवर तास घ्यायचा म्हणतेस, छान! कायद्याची पदवी लागत नाही, घाबरू नकोस.

नवखे बहुतेक एकच चूक करतात, मीही केली. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८च्या मानवी हक्क जाहीरनाम्याची ३० कलमं ओळीने वाचून दाखवली. दहाव्या कलमापर्यंत अर्धा वर्ग खिडकीबाहेर! तू एकच कलम घे. पहिलं घेतलंस तर तेव्हाच्या भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहतांची गोष्ट सांग. मसुद्यात 'ऑल मेन' होतं. त्यांनी आग्रह धरला म्हणून 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' झालं. एवढ्याने काय बदललं, हे मुलांना विचार आणि गप्प राहा. (हेच सगळ्यात कठीण. मला अजून जमत नाही.)

उदाहरणं लांबून आणू नकोस. १८ जून १९४६ला मडगावच्या सभेत समाजवादी नेते डॉ. राममनोहर लोहियांना अटक झाली, कारण पोर्तुगीज राजवटीत जाहीर बोलायला परवानगी लागायची. ते दिवस घरातल्या आजी-आजोबांना विचारून यायला सांग. मग अभिव्यक्तीचं १९वं कलम वेगळं शिकवायला नको.

आणखी दोन गोष्टी:
- व्याख्या फळ्यावर लिहू नकोस, मुलं पाठ करून मोकळी होतात.
- कुणाला घरची अडचण वर्गात सांगायला लावू नकोस. कुणी आपणहून बोललं तर तासानंतर, वर्गशिक्षिकेला सोबत घेऊन ऐक. १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर जवळ ठेव.

करार, आयोग, २०११चा मानवी हक्क शिक्षणाचा जाहीरनामा, हे सगळं नंतर. १० डिसेंबरला, मानवी हक्क दिनाला, भाषणं ठेवायला शाळा सांगेलच. त्याआधी तुझे दोन तास होऊ देत.