इंजिन बदलू की गाडी एक्स्चेंजला देऊ?

प्रश्न : २०१३ची पेट्रोल गाडी निळा धूर सोडते, ऑईल खाते. गॅरेजवाले दुसऱ्या गाडीचं जुनं इंजिन बसवू म्हणतात. काय करावं?

उत्तर : आधी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजून घ्या. दाब कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल टाकून पुन्हा मोजायला सांगा. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेत. नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (ब्लॉक आणि वरच्या हेडमधलं पॅकिंग) बघा. दाब सगळीकडे चांगला असेल आणि धूर सकाळी स्टार्ट करतानाच येत असेल, तर बहुधा व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हपाशी ऑईल अडवणारी रबरं) गेलेत. ते काम स्वस्त आहे. रिंगा, बोअरचं काम त्याच ब्लॉकवर (इंजिनाच्या मुख्य सांगाड्यावर) केलं की इंजिन नंबर तोच राहतो. दुसरं इंजिन बसवलंत तर आरटीओत आरसीवर नोंद हवीच, विमा कंपनीलाही कळवा. बिल नसलेलं भंगारबाजारातलं इंजिन अजिबात घेऊ नका. खालचा पत्रा गंजला असेल तर मात्र खर्च न करता गाडी एक्स्चेंजला द्या. आरसीची १५ वर्षं २०२८मध्ये संपतातच.