लाइपझिगला यायचं म्हणताय, तर तबला मागे ठेवू नका

तुम्ही तिघं नाशिकहून जर्मनीत, लाइपझिगला यायचं ठरवताय. ऑफर हातात आहे, मुलगा सात वर्षांचा, आईवडील मागे राहणार. आरोग्य विमा सरकारी घ्यावा की खाजगी, आईवडिलांना आणता येईल का, आणि ऑफिस सोडून इथे आयुष्य उरतं का, असे तुमचे तीन प्रश्न. शिवाय जाता जाता लिहिलंत की सामान कमी करायला तबला-डग्गा भाच्याला देऊन टाकताय. माझं सगळ्यात जास्त लक्ष तिथेच गेलं. गेल्या वर्षी मला हार्ट अटॅक आला, स्टेंट बसवले. त्यानंतर मला उभं केलं ते घरच्या माणसांनी आणि एका मेथीच्या वाफ्याने. दारू-सिगरेटचं नाव नाही, तरी पंचेचाळिशीत. आपल्या लोकांना हे दुखणं युरोपियनांपेक्षा लवकर गाठतं, हे इथल्या डॉक्टरांनाही चांगलं ठाऊक आहे.

विम्याचं आधी उरकतो. माझं मत सरळ आहे: सरकारी. हप्ता पगाराच्या प्रमाणात कापतात, निम्मा भार कंपनी उचलते, आणि वहिनींना नोकरी लागेपर्यंत त्या आणि मुलगा तुमच्याच हप्त्यात फुकट. खाजगीत प्रत्येकाचा हप्ता वेगळा, आधीचे आजार विचारतात, आणि ५५ नंतर सरकारीत परतायचं दार जवळजवळ बंद होतं. मला हॉस्पिटलात दिवसाला १० युरो भरावे लागले, तेही वर्षात जास्तीत जास्त २८ दिवसांचे. आजारपणात पहिले सहा आठवडे कंपनी पूर्ण पगार देते. पुढे विमा कंपनी कापाकापीआधीच्या एकूण पगाराच्या ७० टक्के देते, पण हातात पडणाऱ्या पगाराच्या ९० टक्क्यांवर नाही. एकाच आजारासाठी ही सोय तीन वर्षांत ७८ आठवड्यांपर्यंत चालते. फक्त कंपनीचा हा पूर्ण पगार नव्या नोकरीत पहिल्या चार आठवड्यांनंतरच लागू होतो, एवढं ध्यानात असू द्या.

आता एक गोष्ट जी कुठल्याच चेकलिस्टमध्ये मला दिसली नाही. इथे इमारतीत फ्लॅटला नंबर नसतो. खाली बेलच्या पाटीवर आडनाव असतं, आणि अँब्युलन्सवाले तेच शोधतात. त्या रात्री बायको मला धरून बसली होती, म्हणून आणीबाणीचा ११२ नंबर फिरवला आमच्या तिसरीतल्या मुलीने. शाळेत त्यांना शिकवलेलं असतं: कुठे, काय झालं, किती जण, आणि समोरचा सांगेपर्यंत फोन ठेवायचा नाही. पोरीने आमचं लांबलचक आडनाव एकेक अक्षर जर्मनमध्ये सुटं करून सांगितलं आणि मोज्यांवरच तीन मजले उतरून दार उघडून धरलं. तुमच्या मुलाला पत्ता आणि आडनावाची अक्षरं पहिल्याच महिन्यात पाठ करून घ्या. जिवावरचं नसेल, पण रात्री-अपरात्री डॉक्टर हवा असेल, तर ११६११७.

दुसरी सोय १ जानेवारी २०२३ पासूनची आहे. नवरा किंवा बायको बेशुद्ध असेल, तर उपचारांचे निर्णय जोडीदार सहा महिन्यांपर्यंत घेऊ शकतो. तरीही दोघांनी एकमेकांच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवा. कटू वाटतं, पण एका संध्याकाळचं काम आहे.

हॉस्पिटलचं संध्याकाळचं जेवण म्हणजे थंड पाव, चीजचे काप, काकडीच्या चकत्या. उपचार उत्तम, त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण ते ताट बघितलं की रडू यायचं. बायको ऑफिस, मुलीची शाळा, विम्याची पत्रं सगळं सांभाळून थर्मासमधून मऊ भात आणायची, वर मेतकूट. तूप नाही, यावर मात्र ती ठाम होती! मुलीला शाळेतून आणायला दोन मराठी घरांनी आपापसांत वार वाटून घेतले होते. सांगलीचा धाकटा भाऊ माझ्याशी बोलायला तिकडच्या मध्यरात्रीपर्यंत जागायचा, आणि सकाळी आईला झेपेल तेवढंच सांगायचा. मी घरातला मोठा. तोवर सगळ्यांच्या चौकश्या करणं माझ्याकडे होतं. त्या महिन्यांत कळलं की माझ्याही चौकशीला माणसं आहेत, आणि ती फोन ठेवत नाहीत.

यावरून तुमच्या आईवडिलांचं. पाहुणे म्हणून शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो. माझी आई अशीच आली. कायमचं आणायचं तर १ मार्च २०२४ पासून कुशल कामगारांना नव्याने मिळणाऱ्या राहण्याच्या परवान्यांवर आईवडिलांसाठी वाट उघडली आहे. पण त्यांचा खर्च आणि आरोग्य विमा तुम्हाला दाखवावा लागतो, आणि वयस्कर माणसाचा विमा उतरवायला इथे सहजी कोणी तयार होत नाही. तुमच्या सरकारी विम्यात ते बसत नाहीत. म्हणून नाशिकला त्यांच्याजवळ कोण असेल हे आत्ताच, नाव घेऊन ठरवा.

आता तिसरा प्रश्न. हॉस्पिटलनंतर साधारण तीन आठवडे रीहा, म्हणजे पुन्हा उभं राहण्याचा कार्यक्रम असतो: सायकल, चालणं, आहाराचे वर्ग. नंतर डॉक्टरच्या चिठ्ठीवर हृदयरुग्णांचा व्यायामाचा गट, तोही विम्यातून. माझ्या गटात सगळे सत्तरीचे, मी त्यांचं बाळ. पण दिवसाचे उरलेले तास? घरी बसून छातीतली प्रत्येक कळ मोजत राहायची का? मला मळ्याने वाचवलं. ज्याला श्रेबरगार्टन म्हणतात, ती भाड्याच्या छोट्या बागांची पद्धत या लाइपझिगचीच. डॉक्टर श्रेबरांच्या नावाने १८६४ मध्ये संस्था निघाली, पुढे गेझेल नावाच्या शिक्षकाने मुलांसाठी वाफे केले, मुलं कंटाळली आणि आईबाप खुरपू लागले. जागा ४०० चौरस मीटरपर्यंत, झोपडी २४ पर्यंत, राहायला बंदी, आणि साधारण तिसरा हिस्सा भाजी-फळांचा हवा. नियमांचा काच आहे, दुपारी यंत्र लावलं की शेजारी घड्याळ दाखवतो. पण मी हॉस्पिटलात असताना माझ्या मेथीला पाणी घातलं ते त्याच घड्याळवाल्या म्हाताऱ्याने. मेथी म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं; तण समजून उपटली नाही, हे उपकार. जड उचलायला मला मनाई होती, म्हणून आई पाटावर बसून जुड्या बांधायची आणि मी त्याच्या दारात नेऊन द्यायचो.

बागेसाठी शहरात प्रतीक्षायादी असते, आल्याबरोबर नाव घाला. भारतातून बियाणं मात्र आणू नका, त्याला फायटोसॅनिटरी, म्हणजे कीड-रोग नसल्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. इथल्या भारतीय दुकानातले मेथीदाणे छान उगवतात. मुलाच्या गोवराच्या दोन डोसांची नोंद आणा, शाळेत सक्ती आहे.

आणि तबला भाच्याला देऊ नका. रात्री दहानंतर आणि रविवारी आवाज चालत नाही, पण संध्याकाळचा तास तुमचाच असतो; आधी शेजाऱ्यांच्या कानावर घाला. हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेने पुडी, म्हणजे तबल्यावरचं चामडं, ताणली जाते, तेव्हा जोडी हीटरपासून लांब ठेवा. पुडी बदलायला झाली असेल, तर निघण्याआधी नाशिकलाच बदलून घ्या. इथे ते काम करणारा शोधत फिरावं लागेल.