कॉइलओव्हर टाकले तरी गाडी आपटतेच

प्रश्न: सर नमस्कार, माझी पोलो जीटी टीएसआय आहे, २०१८ची. चार महिन्यांपूर्वी कॉइलओव्हर (उंची आणि कडकपणा बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअप) टाकले, पुढे ८ किलोचे स्प्रिंग मागे ६चे, गाडी ४५ मिमी खाली घेतली आणि चारही शॉकअप फुल हार्ड करून ठेवले, कारण महिन्यातून एकदा नानोलीच्या ट्रॅकवर जायचं असतं. आता रंबलरवर गाडी अशी धडाधड आपटते की आई मागे बसायलाच तयार नाही. बरं ट्रॅकवर तरी फायदा व्हावा, तर लांब वळणात गाडी पुढून सरळ निघून जाते, आणि पुढचे टायर ४ हजार किलोमीटरमध्ये आतून खाल्लेत. मित्र म्हणतो स्प्रिंग अजून हार्ड घे. घेऊ का? (एक वाचक, वारजे)

उत्तर: नका घेऊ. आणि आईंचं म्हणणं बरोबर आहे, त्यांना जे मणक्यात कळलं तेच तुम्हाला ट्रॅकवर वळणात कळतंय, गाडीला खाली-वर व्हायला जागाच उरलेली नाही.

माझ्यावर विश्वास नको, एक झिप टाय घ्या. पुढच्या शॉकअपचा रबरी बूट वर सरकवा आणि आतल्या चकचकीत दांड्यावर झिप टाय घट्ट बसवून खाली शॉकअपच्याच बॉडीला टेकवून ठेवा. मग ऑफिसला जाऊन या, नेहमीच्याच रस्त्याने बरं का, जंगली महाराज रस्त्यावर नको, तिथे काहीही छानच वाटतं. घरी आल्यावर झिप टाय कुठे सरकलाय ते बघा. तो वर बंपस्टॉपला जाऊन चिकटला असेल (माझी पैज आहे चिकटलाच असेल) तर तुमची गाडी स्प्रिंगवर नाही, रबराच्या ठोकळ्यावर चाललीय. वळणात बाहेरचं चाक त्याच ठोकळ्यावर जातं, पुढची बाजू एकदम दगडासारखी होते, टायरची पकड सुटते आणि गाडी सरळ जाते.

त्यात पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे वर शॉकअप आणि खाली चाकाला धरणारा एकच लोअर आर्म. इतकी खाली घेतली की लोअर आर्म आडवा राहत नाही, चाकाकडचं टोक वर जातं, मग गाडी जेवढी खाली येते त्याहून जास्त रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) खाली जातो आणि गाडी उलट जास्त झुकायला बघते. म्हणजे खाली घेतली ती झुकू नये म्हणून, आणि झालं भलतंच.

आता रंबलर. बहुतेक एका नॉबच्या शॉकअपमध्ये तो नॉब मुख्यतः रिबाउंड बदलतो, म्हणजे दबलेला स्प्रिंग परत उघडायला किती वेळ घेतो ते. फुल हार्ड असेल तर पहिल्या पट्टीवर दबलेलं चाक पूर्ण खाली यायच्या आत दुसरी पट्टी येते, मग तिसरी, प्रत्येक पट्टीला गाडी थोडी थोडी खाली बसत जाते आणि पाचव्या-सहाव्याला धाड. तुम्हाला वाटतं स्प्रिंग कडक आहे, प्रत्यक्षात शॉकअप त्याला उघडूच देत नाहीये. तर फुल हार्डपासून उलटे क्लिक मोजत मऊ करा, एका वेळी दोन, तोच रस्ता तोच वेग, आणि वहीत लिहा. मोबाइलमध्ये लिहिलेलं सापडत नाही, स्वानुभव.

स्प्रिंगचं गणित ढोबळ सांगतो. पोलोच्या पुढच्या एका चाकावर स्प्रिंगवर तोललेलं वजन साधारण ३०० किलो धरा. ८ किलोचा स्प्रिंग, म्हणजे १ मिमी दाबायला ८ किलो, घेतला तर गाडी सेकंदाला जवळपास अडीच वेळा हलते, ही ट्रॅकची गाडी झाली. ५ किलोचा घ्या, १.९च्या आसपास येते, रस्त्यावर सुसह्य आणि ट्रॅकवर पुरेशी. मागचे ६चे राहू द्या, टॉर्शन बीमवर स्प्रिंग चाकाच्या पुढे बसतो म्हणून चाकापाशी तो ६चा लागतच नाही, शिवाय मागची बाजू थोडी कडक असली की पुढच्या चाकांवर चालणारी गाडी वळायला तयार होते. फक्त पावसाळ्यात मागचे दोन-तीन क्लिक मऊ ठेवा, नाहीतर ओल्या घाटात मागचं टोक पुढे यायला बघेल. उंची ४५ ऐवजी २० ते २५ मिमीच खाली. नियमातला स्पीडब्रेकर १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, त्यावरून निवांत जाल, सोसायटीने रात्रीत ओतलेल्या डोंगराचं मात्र मी काही सांगू शकत नाही.

टायर आतून खाल्ले त्याचा दोष एकट्या कॅम्बरला (चाक वरून आत किंवा बाहेर कललेलं असणं) देऊ नका, टोचा (चाकाचं पुढचं टोक आत किंवा बाहेर वळलेलं असणं) दोष जास्त आहे. उंची बदलली की टो बदलतो, आणि तुम्ही खाली घेतल्यावर अलाइनमेंट केलेलं पत्रात कुठे लिहिलेलं नाही. मी एकदा केलं होतं तर अलाइनमेंटवाला म्हणाला साहेब मशीनवर सगळं हिरव्यात आहे, प्रिंट बघितली तर एका बाजूला टो आउट, हिरव्याच्या अगदी काठावर. हिरवा पट्टा कंपनीच्या उंचीसाठी असतो हो. प्रिंट मागून घ्या, पुढे कॅम्बर उणे २ डिग्री दोन्हीकडे सारखा, टो शून्य, आणि वर्षभर तेच ठेवा. दर ट्रॅक डेला कॅम्बर प्लेट हलवायची हौस चांगली आहे पण प्लेट हलली की टोही हलतो.

ट्रॅकच्या दिवशी मग करायचं काय तर शॉकअप तीन-चार क्लिक हार्ड आणि हवा. थंड टायरमध्ये ३० भरा, चार-पाच लॅप मारून आत आलात की लगेच मोजा, ३६च्या वर गेली असेल तर जास्तीची हवा काढून टाका. आणि घरी निघताना परत भरा, गार झाल्यावर ती बरीच खाली आलेली असते.

बाकी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चं विसरू नका, बदल करण्याआधी आरटीओ आणि विमावाला दोघांनाही विचारून घ्या, विमावाल्याकडून लेखी.

प्रश्न: बजेट नाही, कंपनीच्याच शॉकअपवर स्प्रिंगचा एक वेढा कापून घेतला तर? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर: अजिबात नको. कापलेला स्प्रिंग आखूड होतो आणि जास्त कडकही, जुन्या शॉकअपला तो आवरत नाही. कोणी आधीच कापून दिला असेल तर गाडी जॅकवर घ्या, चाक लटकू द्या आणि स्प्रिंग हाताने हलवून बघा. बैठकीत खुळखुळ हलला तर त्या गाडीने गॅरेजपर्यंतसुद्धा जाऊ नका, टोइंग बोलवा.